सगळं वाजवून झाल्यावर

क्लॅरनेट मास्तरांच्या बायकोला सगळं गाव 'बिजली' म्हणायचं. दिव्यांच्या उत्सवात रस्ताभर माळा लावायचं काम तिचं. शिडीवर चढली की खाली उभ्या नवऱ्याला दटावायची, "सूर धरता ना, तशी शिडी धरा." लोक हसायचे, मास्तरही हसायचे. संध्याकाळी तिने बटण दाबलं की रस्ता उजळायचा आणि मास्तरांचा बँड निघायचा.

त्या वर्षी मागच्या चौकातली एक माळ अचानक विझली. बँड केव्हाच पुढे गेला होता. खाली मुलीला उभं करून बिजली शिडीवर चढली. आभाळात दारूकाम चाललेलं, सगळ्यांच्या माना वर. तेवढ्यात तिला शॉक बसला आणि ती खाली कोसळली.

लोकांनी तिला कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दुकानात नेऊन निजवलं. मुलगी वडिलांना बोलवायला धावली, तर उत्सवाच्या सेक्रेटरींनी तिला वाटेतच अडवलं. "मिरवणूक मध्येच थांबली तर चेंगराचेंगरी होईल, पोरी. तू आईजवळ बस. मी सांगतो त्यांना."

सांगितलं त्यांनी, पण सगळं वाजवून झाल्यावर. मास्तर दुकानात पोचले तेव्हा बिजलीच्या तोंडावर कापड ओढलेलं होतं.

मास्तर रडले नाहीत. खात होते, कामावर जात होते, विचारलं तेवढं बोलत होते. क्लॅरनेटची पेटी मात्र त्यांनी पुन्हा उघडली नाही. मुलगी समजूत घालायची, "आईला तुमचं वाजवणं ऐकू येत होतं, बाबा. म्हणाली, त्यांना वाजवू दे." मास्तर नुसती मान हलवायचे.

पुढच्या वर्षी रस्त्यावर पुन्हा माळा चढू लागल्या. दुपारी मुलगी शेंगा सोलत बसली होती. मास्तर समोर येऊन बसले.

"तुझी आई असं बोलायचीच नाही," ते म्हणाले. "साधा बल्ब बदलायचा असला तरी मला भरल्या ताटावरून उठवायची. खरं काय ते सांग."

मुलीचे हात थांबले. "बोलवा म्हणत होती. सारखी दाराकडे बघत होती. 'अजून कसे आले नाहीत' म्हणाली."

"चिडली होती?"

"थोडी."

"हां," मास्तर म्हणाले. "ही खरी ती."

आणि मग त्यांना रडू फुटलं. वर्षभर डोळ्यांतून टिपूस न काढलेला माणूस गुडघ्यांत डोकं घालून लहान मुलासारखा रडला. मुलगी त्यांची पाठ चोळत राहिली.

दोन दिवसांनी सेक्रेटरी घरी आले, यंदा वाजवायला या म्हणाले. मास्तरांनी त्यांना पाणी दिलं. बसा म्हणाले नाहीत.

पुढे मुलीला दुसऱ्या गावी नोकरी लागली, तेव्हा मास्तरही तिच्याबरोबर निघून गेले. बँडमध्ये आता दुसराच कोणी वाजवतो. बरा वाजवतो.