बिनखिळ्याचं घर

माझ्या बायकोच्या मामांइतका खिळ्याचा द्वेष करणारा माणूस नागपूर जिल्ह्यात झाला नाही, पुढे व्हायचाही नाही. सारी उमर लाकडाच्या टालावर, वखारीत, गेलेली. कुणाकडे गेले की आधी दारावर टिचकी मारणार, मग यजमानाकडे पाहणार. आमच्या नव्या फ्लॅटचं दार हुंगून म्हणाले, "जावईबापू, हे दार नाही जी, दाबलेला भुसा आहे." एका लग्नात तर मंगलाष्टकं चालू असताना हे मांडवाचे बांबू बडवत फिरत होते.

अमेरिकेत पहिल्यांदा वस्तीला गेलेल्या लोकांची ओंडक्यांची घरं हा त्यांचा वेद. ती विद्या स्वीडनकडच्या लोकांनी तिकडे नेली, ओंडक्याच्या टोकाला खाच पाडून त्यात दुसरा बसवायचा, फटीत चिखल लिंपायचा, हे ते अशा थाटात सांगत की जणू त्याच जहाजातून उतरले होते. सांगून भागेना, तेव्हा खाप्याच्या शेतात, कन्हान नदीच्या काठी, निलगिरीच्या ओल्या ओंडक्यांचं तसलंच घर उभं केलं. चिखलात तुरीचं कुटार, मळणीचा भुसा, कालवलं. खिळा शपथेलाही नाही. कॅलेंडर मामींनी बाहेरच्या बाभळीला टांगलं.

पण मामी तिथे राहायला तयार नव्हत्या. "खिडकी नाही त्या घरात मी नाही राहत जी."

"पहिल्या घराइले खिडकी नव्हती," मामाजींचं एकच उत्तर. म्हातारपण शेतावर काढायचं की नागपुरात, ते या खिडकीपाशी अडलं.

ओलं लाकूड वाळलं की आटतं, भिंत खाली बसते. म्हणून मामाजींनी दाराच्या चौकटीवर चार बोटं फट राखली होती. वास्तुशांतीला मामी म्हणाल्या, "यातून साप येईल." खिडकी नाकारल्याचं मन खात असावं, मामाजींनी निमूट सागाची फळी बसवून फट बुजवली. दिसामाशी भिंत त्या फळीवर बसत गेली, तिचा सारा भार चौकटीवर आला. मे महिन्यात आम्ही सगळे शेतावर गेलो होतो. झळा येतात म्हणून मामींनी आतून दार जोर लावून लोटलं, ते पाचरीसारखं रुतलं. हत्तीच्यानंही हललं नसतं.

आतून आवाज आला, "काहून जी, मी का अढीत घातलेला आंबा आहो?"

मी दार फोडायला कुऱ्हाड उचलली. मामाजींनी दाराकडे पाहिलंही नाही. लिंपण खरवडून त्यांनी भिंतीलाच करवत लावली. ओंडक्यागणिक "मागं सरक वं, मागं सरक" चालू होतं. शेवटी भोकातून मामींचं लालबुंद तोंड दिसलं. त्यांनी वारा घेतला, बाहेर पाहिलं.

"थांबले काहून? अजून एक कापा. कन्हान नाही दिसून राहिली."

आता दोघं तिथेच राहतात. मामाजी त्या खिडकीला अजून 'चूक'च म्हणतात. पण दुपारचा चहा घेऊन ते बाहेरून तिच्यापाशीच उभे राहतात, आणि आतून मामी काही बोलल्या की, नीट ऐकू आलेलं असूनही, "का म्हणलं वं?" असं पुन्हा एकदा विचारतात.