मामाजींचा 'हव'

आमच्या मामाजींनी जन्मात कोणाला 'नाही' म्हटलेलं नाही, आणि असा दुसरा माणूस अख्ख्या रायपुरात सापडला तर मी नाव बदलून घ्यायला तयार आहे. मामाजी म्हणजे माझे मामसासरे, नवऱ्याचे सख्खे मामा. सगळी नोकरी रेल्वेच्या यार्डात शंटिंगमास्तर म्हणून झाली. म्हणजे हातातली हिरवी-लाल झेंडी हलवून इंजिनाला पुढे ये, मागे सर, थांब मेल्या, असं सांगायचं काम. इंजिनांनी त्यांचं सगळं ऐकलं आणि बदल्यात त्यांचे कान खाल्ले. उजवा पार गेला, डावा मर्जी असेल तेव्हा ड्यूटीवर येतो. पण कबूल करतील ते मामाजी कसले! त्यांच्या पोरीनं घेऊन दिलेलं कानाचं मशीन स्टीलच्या डबीत लवंगांच्या शेजारी झोपलेलं असतं. "मले साफ ऐकू येते," ते म्हणतात, "लोकंच आजकाल हळू बोलून राहिले." त्यामुळे कोणी काहीही विचारो, उत्तर एकच, आमच्या छत्तीसगढी मातीतलं 'हव'. हव म्हणजे हो. चहा घेता? हव. बिनसाखरेचा ना? हव. आणि मग बिनसाखरेचा चहा तोंडाशी नेऊन माझ्याकडे असं बघायचं की जणू मीच सावत्र सासू. एकदा आमच्या तात्यापाऱ्यातल्या घरी पाण्याचं फिल्टर विकणारा आला. मामाजी त्याला इतक्यांदा हव म्हणाले की तो एक फिल्टर स्वयंपाकघरात आणि एक न्हाणीत बसवून गेला.

पण एका 'हव'वर मला कधीच हसू आलं नाही. आमच्या बुद्ध विहारात पौर्णिमेची वंदना वर्षानुवर्षं मामाजीच घ्यायचे. आवाज असा की बाहेरच्या पिंपळावरचे कावळेसुद्धा सावरून बसत. ते मूर्तीकडे तोंड करून पुढे बसायचे, आम्ही सगळे त्यांच्या पाठीमागे. त्यांनी एक ओळ म्हणायची, आम्ही ती परत म्हणायची, मग पुढची. कान गेले तशी या गाडीची सगळी शंटिंगच बिघडली. आमची 'दुतियम्पि', म्हणजे दुसऱ्या वेळची ओळ, अर्ध्यात असताना यांची तिसऱ्या वेळची 'ततियम्पि' सुटायची, नाहीतर आम्ही म्हणून मोकळे आणि हे आपले डोळे मिटून शांत. एका पौर्णिमेला तर ते इतका वेळ थांबले, की वंदना संपली असं समजून बायकांनी खीर वाढायला घेतली. त्यानंतर समितीनं माईक एका नव्या, नोकरीवाल्या पोट्ट्याच्या हाती दिला. अध्यक्षसाहेबांनी मामाजींच्या खांद्यावर हात ठेवून समजावलं, आणि मामाजी म्हणाले, "हव." हे त्यांनी ऐकलं होतं, शब्दन् शब्द. त्या दिवशी ते खीर न खाता घरी गेले.

म्हणूनच समितीनं 'धम्मसेवा मिशन, श्रीलंका' असं बॅनर छापलं तेव्हा सगळ्यात आधी नाव दिलं ते मामाजींनी. मिशन म्हणजे नेमकं काय करायचं, हे आमच्यात कोणालाच ठाऊक नव्हतं. एका खेड्यातल्या विहाराची भिंत रंगवायची, तळं साफ करायचं, पोरांना शिकवायचं, असं काहीतरी होतं. पांढरे कपडे घ्यायला मी त्यांना सदर बाजारात घेऊन गेले. तिथं गाड्यांच्या पोंपोंमध्ये उभे राहून कुर्त्याचं कापड बोटांनी चाचपत ते एकदम म्हणाले, "सूनबाई, तिथं मले एकदा वंदना घेऊ देतीन का वो?" काय सांगणार मी? "हव," म्हटलं. त्यांचंच नाणं त्यांना परत दिलं.

आमच्या शहाणपणाची कमाल सांगते. रायपुरात थंडी होती म्हणून आम्ही दानाला गठ्ठे बांधून कंबलं नेली. विमानातून उतरलो तर घामाच्या धारा! अनुराधपुराच्या वाटेवरच्या त्या गावात लोक पंखा लावून झोपतात. तिथल्या भन्तेंनी, म्हणजे विहाराच्या भिक्खूंनी, कंबलं दोन्ही हातांनी, मोठ्या आदरानं घेतली आणि दुसऱ्या दिवशी भिंत रंगवताना ती आमच्याच पायाखाली अंथरली. हे भन्ते काही वर्षं बोधगयेत राहिलेले, त्यांना मोडकंतोडकं हिंदी येई. गावात बाकी कोणाला आमचं ओ की ठो कळत नव्हतं. आम्ही सगळे वेड्यासारखे एकमेकांच्या तोंडाकडे बघत होतो आणि मामाजी मात्र पहिल्या दिवसापासून गावात जावयासारखे वावरत होते. कारण काय, तर सिंहलीत हो म्हणायला 'ओव' म्हणतात! यांचा 'हव' तिथं सरळ खपून गेला. पोरं त्यांना 'मामा' म्हणायला लागली, कारण सिंहलीतही मामा म्हणजे मामाच. "पाह्य," मला म्हणाले, "काहून घाबरून राहिली? ही त आपलीच बोली हाय. थोडी ओली झाली, समुद्रानं."

मग त्यांनी लंका बघायला सुरुवात केली, म्हणजे लंकेत रायपूर शोधायला. गावातलं तळं बघून "हे त आपलं बूढ़ा तालाब". दोन दुकानांचा बाजार बघून "सदर बाजार, जरा रिकामा". आमच्या बाया तीन वेळच्या भातानं कावल्या, पोळीच्या आठवणीनं रडायच्या बाकी राहिल्या. मामाजी उलट खुश. एका सकाळी ते स्वयंपाकघरात गेले. विहाराचं जेवण रांधणारी एक म्हातारी होती, आम्ही तिला आच्ची म्हणायचो, म्हणजे आजी. मामाजींनी तिला रिकामं भांडं दाखवलं, भाताची मूठ टाकली, वरून पाणी ओतल्यासारखं केलं, गालाखाली हात ठेवून झोपले आणि उठले. बस. दुसऱ्या दिवशी रात्रभर पाण्यात ठेवलेला भात, कांदा, मिरची आणि वर नारळाचं दूध असं त्यांच्यापुढे आलं. आमची छत्तीसगढी बासी, लंकेत! "तिले कसं समजलं हो?" मी विचारलं. ते खाण्यात गुंग होते. "हव," म्हणाले.

आता या सुखाला दृष्ट लागायचीच. एके दिवशी मामाजी गायब! रिक्षावाल्यानं काहीतरी विचारलं, हे हव म्हणाले आणि गेले. अध्यक्षसाहेब, निवृत्त बँकवाले, तापून लाल: "परदेस है भई, कोई तात्यापारा नहीं!" भन्तेंच्या गाडीतून शोधत निघालो. सापडले कुठे, तर रेल्वे स्टेशनवर! दुसरीकडे कुठे सापडणार म्हणा. फलाटावर तिथले स्टेशनमास्तर आणि आमचे मामाजी समोरासमोर उभे, दोघांच्या हातात झेंड्या. हे हात वर करत, ते मान डोलावत. ते झेंडी गुंडाळत, हे खदखदून हसत. तोंडातून शब्द नाही. अर्धा तास त्या दोघांनी काय गप्पा मारल्या ते देव जाणे, पण निघताना स्टेशनमास्तरांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला तिथंच उमगलं. या देशात आम्ही सगळे बहिरे झालो होतो, आणि बहिरेपणाची सवय असलेला आमच्यात एकच माणूस होता. साहेबांना मात्र असलं काही उमगलं नाही. त्यांनी फर्मान काढलं, मामाजींनी यापुढे सावलीत बसायचं, कुठे जायचं नाही, कशात पडायचं नाही. आणि पौर्णिमा दोन दिवसांवर आली होती. मामाजी सावलीत बसून पांढऱ्या कुर्त्याच्या घड्या मोडत होते आणि परत घालत होते.

पौर्णिमेच्या सकाळी अख्खं गाव पांढऱ्या कपड्यांत विहारात लोटलं. भन्ते हिंदीत म्हणाले, "आज वंदना भारत के मेहमान लेंगे. कौन लेंगे?" साहेबांनी घसा खाकरला. तेवढ्यात भन्तेंची नजर फिरत फिरत मामाजींवर आली. नजर आपल्यावर आली की काहीतरी विचारलं जातंय, एवढंच मामाजींना ठाऊक. "हव!" ते म्हणाले. "ओव, ओव!" गावकरी आनंदले. झालं! साहेबांनी कपाळाला हात लावला. इथं फजिती झाली तर मामाजींनी परत कधी तोंड उघडलं नसतं, हे मी लिहून द्यायला तयार होते.

भन्तेंनी त्यांना हाताला धरून नेलं आणि आपल्या शेजारी बसवलं. त्या विहारात वंदना घेणारा मूर्तीला पाठ न दाखवता, थोडा बाजूला, लोकांकडे तोंड करून बसतो. मामाजींनी पहिली ओळ म्हटली. तोच आवाज, कावळ्यांना सावरून बसवणारा. गाव ती ओळ म्हणू लागलं, तिथल्या लांब, संथ चालीत. मी डोळे घट्ट मिटले. आता पुढची ओळ सुटणार, आता गाडी घसरणार. नाही सुटली. डोळे उघडून बघते तर मामाजी सगळ्यांच्या ओठांकडे बघत होते. पुढच्या पोरांचे ओठ थांबले, मधल्या बायांचे थांबले, अगदी मागे खांबाला टेकलेल्या आच्चीचे ओठ मिटले, आणि तेव्हा, बरोबर तेव्हा, 'दुतियम्पि' निघालं. शेवटपर्यंत एक ओळ इकडची तिकडे झाली नाही. अहो, त्यांना वंदना घेता येत नव्हती असं कधी झालंच नव्हतं. आम्ही फक्त त्यांच्या पाठीमागे बसत होतो! मी पदरानं डोळे पुसले, आणि शेजारी साहेब चष्मा पुसत होते.

निघायच्या दिवशी आच्ची आमच्या बसपाशी आली. तिनं मामाजींच्या हातात नारळ ठेवला, मग बोट आधी त्यांच्याकडे केलं, मग जमिनीकडे, आणि भुवया उंचावल्या. परत येशील? मी वाट बघत होते की आता येतंच 'हव'. मामाजींनी तिच्याकडे बघितलं, आपल्या गुडघ्यांवर हात ठेवला, आणि हळूच म्हणाले, "नाई." सिंहलीतही नाही साधारण तसंच म्हणतात. तिला कळलं. तिनं त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि दोघं बस सुटायची वेळ होईपर्यंत तसेच उभे राहिले.

इकडे आल्यावर साहेबांनी स्वतः विहारातलं आसन उचलून लोकांकडे तोंड करून मांडलं. पौर्णिमेला मामाजी वंदना घेतात, तो नोकरीवाला पोट्टा शेजारी बसून त्यांच्यापुढे माईक धरतो, आणि खीर वेळेवर वाढली जाते. परवा वंदना झाल्यावर मी त्यांना स्कूटीवर मागे बसवून घरी सोडायला निघाले होते. सदर बाजारात नेहमीसारखी गर्दी, सगळीकडून हॉर्न. मी मान न वळवता विचारलं, "मामाजी, पुढच्या वर्षी परत जायचं ना लंकेले?"

"हव," मागून आवाज आला.

ऐकून म्हणाले की न ऐकता, हे बघायला मी काही मागे वळले नाही.