धरणाच्या पायथ्याचं ठिकाण

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. आणि मराठीत लिहितोय त्यालाही कारण आहे — झाशीतल्या आमच्या कचेरीत मराठी येणारा मी एकटाच. मुलांना बोललेलं कळतं, पण वाचायचा कंटाळा. म्हणजे कबुली देतानाही मी आडोसा शोधलाच. तुम्ही वाचताय ना, तेवढं पुरे.

माझं काम नदीवर नजर ठेवायचं. धरण बांधल्यावर नदीचं काय होतं — मासे, पाण्यातले किडे, काठची झाडं — हे वर्षानुवर्षं ठरलेल्या ठिकाणी जाऊन पाहायचं. त्याची आखणी मीच केली. या कामात एक नियम कुळाचारासारखा पाळतात: एकदा ठरलेली ठिकाणं बदलायची नाहीत. बदलली, तर आजची नदी कालच्या नदीशी ताडून पाहता येत नाही. म्हणून काय डोकं लावायचं ते सुरुवातीलाच. मी लावलं — पण कशासाठी?

रश्मी माझ्या हाताखाली होती. इथल्याच टहरौली गावची, फटकळ, कामाला वाघ. धरणाच्या पायथ्याचा पट्टा तिने निवडला होता. उन्हाळ्यात तिथे पाणी सोडत नाहीत. नुसते खडक, मधेमधे डबकी, आणि डबक्यांत अडकलेले मासे. “सर, नदी मरती तो यहीं है. यहाँ नहीं देखेंगे, तो देखेंगे क्या?” तिचं बरोबरच होतं. मला कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं.

आखणी मंजूर करणाऱ्या समितीच्या बैठकीला धरणाकडचे बडे साहेब येणार होते. आणि आम्ही पडलो पेशव्यांच्या काळापासूनचे कारकून! आमच्या घराण्यात एकच शहाणपण मुरलेलं — वरच्याच्या कपाळाला आठी पडायच्या आत आपण कागद बदलावा. बैठकीच्या आदल्या दिवशी मी ते ठिकाण काढून टाकलं. त्याऐवजी बरंच खालचं घातलं, जिथे दुसरी नदी येऊन मिळते आणि बारा महिने पाणी असतं. बैठकीत कुणी चकार शब्द काढला नाही. मला कुणी दटावलं नव्हतं, धमकावलं नव्हतं — मी न मागता देऊन टाकलं होतं.

रश्मीला मात्र सांगितलं, समितीने काढायला लावलं, मी पुष्कळ भांडलो.

ती रडली. मग दर वर्षी म्हणत राहिली, ते ठिकाण घेऊ या. आणि दर वर्षी मी तिला तोच नियम ऐकवला — ठिकाणं बदलता येत नाहीत, तुलना मोडते. नियम खरा होता. म्हणून तर माझं खोटं इतकी वर्षं टिकलं.

आमचे आकडे म्हणत राहिले, नदी ठीक आहे. पायथ्याच्या गावातले केवट, मासे धरून पोट भरणारे, एकदा विनवायला आले: उन्हाळ्यात थोडं तरी पाणी सोडा. साहेबांनी माझेच आकडे दाखवून त्यांना वाटेला लावलं. जाताना एक म्हातारा माझ्यापाशी थांबला. “साब, मछरियाँ तौ चली गईं, अब हम सोई जा रए.” मासे गेले, आता आम्हीही चाललो — आवाजात राग नव्हता. मी त्याला चहा घेणार का म्हणून विचारलं. हे लिहितानाही लाज वाटते — दुसरं काहीच सुचलं नव्हतं का मला? आता त्यांची बरीच घरं झाशीजवळच्या बिजौलीच्या कारखान्यांत मजुरीला गेली. उरलेली जातील.

गेल्या महिन्यात रश्मीची बदली झाली. निरोपाच्या वेळी ती सगळ्यांसमोर बोलायला उभी राहिली. एरवी कुणाचं कौतुक न करणारी बाई — माझ्याकडे बघून म्हणाली, “उस एक जगह के लिए पूरी समिति से अकेले सर लड़े थे. मैंने इन्हीं से सीखा.” तिचे डोळे भरले होते. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या, आणि मी हात जोडून त्या घेतल्या.