तीनशे मागांची तीनशे नावं

गिरणीच्या ऑफिसात प्रोग्राम लिहिणारा साहेब मुंबईला शिकून आला होता. शिक्षणानं माणूस किती वाया जाऊ शकतो, ते मी त्याच्याकडं बघून शिकले. मी स्वतः सातवीतच शाळा सोडलेली. भंडाऱ्याकडची, नवऱ्याच्या रेल्वेतल्या बदलीपायी सोलापुरात येऊन पडलेली. हेडक्लार्कांनी माझा हात चालतो एवढं बघून मला पंचिंगच्या मशीनवर बसवलं. ते उपकार मी अजून मानते. तेव्हा तर इतके मानायचे की जेवायला उठतानाही कुणी बघत तर नाही ना, ते आधी बघायचे.

संगणक पुण्याला. त्याला भोकांचीच भाषा कळायची, म्हणून आम्ही इथं साहेबाचे कागद बघून नुसती कार्डांना भोकं पाडायची, खोक्यात भरायची आणि खोकी एसटीनं पाठवायची. कुठल्या मागावर किती कापड निघालं, याचा तक्ता महिन्याला तिकडून छापून यायचा.

आमच्या या विद्वानानं तीनशे मागांना संगणकात तीनशे वेगळी नावं दिली होती. बेरीज करायची तर तीनशे नावं पुन्हा लिहा. छापायचं तर पुन्हा लिहा. ती सगळी कार्डं पाडून माझी बोटं सुजायची. मग साहेबाला हुशारी सुचली. त्यानं आणखी एक प्रोग्राम लिहिला. तो नंबर जोडून नवी नावं आपली आपण तयार करायचा आणि त्यांची कार्डंही तिकडूनच पाडून यायची. नावं आता मशीनच ठेवतं, असं साहेब चहा पिताना सगळ्यांना सांगत सुटला. नाव ठेवायला काय लागतं? ठेवलेल्या नावाला पुढं हाक कोण मारणार, हा विचार त्याच्या डोक्यात शिरलाच नाही. बेरजेच्या ओळी तो हातानंच लिहीत राहिला.

त्या उन्हाळ्यात अठरा नवे माग बसले. मशीननं इमानदारीत अठरा नावं तयार केली, आणि बेरजेत ती घालायला साहेब विसरला. तक्ता आला तर एकूण बेरजेत त्या अठरा मागांचं वीतभरही कापड नाही. मॅनेजरनं विचारल्यावर साहेबानं सरळ सांगून टाकलं की पंचिंगवालीनं कार्डं हरवली. संध्याकाळी माझ्या हातात कागद पडला. उद्यापर्यंत लेखी खुलासा द्या, नाहीतर कामावरून कमी केलं जाईल.

खुलासा कसा लिहितात तेही मला ठाऊक नव्हतं. पण साहेबाच्या हातचे सगळे कागद मी जपून ठेवायचे. काही गेलं तर आपल्यावरच येणार, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सकाळी तो गठ्ठा हेडक्लार्कांपुढं ठेवला. साहेबही तिथंच बसलेला. हेडक्लार्कांनी बेरजेच्या ओळीओळीवर बोट फिरवलं. अठरातलं एकही नाव तिथं नव्हतं. एवढ्या नावांत थोडीफार सुटणारच, असं साहेब म्हणाला. चूक जणू नावांचीच.

तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "पण नावं पाहिजेतच कशाला जी? मी आधी चादरीच्या कारखान्यात नक्षीचे पत्ते शिवायची. भोकं पाडलेले आठशे पुठ्ठे, एकालाही नाव नाही. सगळ्यांची मिळून एक माळ, अन् तिच्यात कितवा, एवढंच पाहायचं."

साहेब हसला. "आता सातवी नापास बाई मला प्रोग्राम शिकवणार."

हेडक्लार्क चष्मा पुसत म्हणाले, "शिकवू द्या की, साहेब. लई सोपं सांगितलं तिनं. मला बी कळलं."

पुढच्या महिन्यात नवा प्रोग्राम आला. सगळ्या मागांना मिळून एकच नाव, आणि पुढं कंसात मागाचा नंबर. शेकडो ओळींचं काम चार-पाच ओळींत. नवा माग बसला की एक आकडा बदलायचा, संपलं. साहेबानं मॅनेजरला सांगितलं की हे त्यानं पुस्तकात शोधून काढलं. सांगेना का. त्याच्याकडून दुसरी अपेक्षा नव्हतीच. खुलासा मागणाऱ्या त्या कागदावर हेडक्लार्कांनी 'दप्तरी दाखल' असं लिहून प्रकरण मिटवलं आणि माझी नोकरी राहिली.

राग येतो तो माझाच. नवे कागद माझ्या टेबलावर टाकत साहेब म्हणाला, "या वेळी तरी नीट करा." आणि मी उभी राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "उपकार झाले जी."