अब्बांच्या मयताला आलेलं पावणं

आजऱ्याकडच्या आमच्या गावात मुसलमानांची घरं थोडी. मशिदीला कायमचे मौलाना नव्हते. कुणी गेलं की जनाज्याची नमाज आणि दफनाच्या दुआ माझे अब्बाच पढायचे. आम्ही मागं उभं राहायचो. नव्वदच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात अब्बाच गेले, आणि तेव्हा लक्षात आलं, की त्या दुआ गावात आणखी कुणालाच येत नाहीत.

गडहिंग्लजहून मौलानांना आणायला गेलेली जीप वाटेत बंद पडली. दुपार कलली. एसटीच्या थांब्यापाशी जनाजा टेकवून आम्ही वाट बघत बसलो. मी आठवायचा खूप प्रयत्न केला, पण जेवणाआधीची दुआ तेवढी ओठांवर येई. शेजारचे तुकाकाका म्हणाले, "आरं, तीच म्हण की. तुझा बा काय रागावतोय व्हय?" मला रडू फुटलं. या अल्लाह, आयुष्यभर दुसऱ्यांना निरोप देणाऱ्या माणसाला असाच मुक्यानं पाठवायचा का?

तेवढ्यात एसटी थांबली. एक दाढीवाले पाहुणे धाय मोकलून रडत उतरले. "नमाज कोण पढवणार?" त्यांनी विचारलं. सगळे माझ्याकडं बघू लागले, मी जमिनीकडं. "मग सरा," म्हणत ते पुढं उभे राहिले. कबरस्तानातही तेच पुढं झाले. तिथल्या दुआचा अर्थ असा: याच मातीतून तुम्हाला घडवलं, हिच्यातच परत नेऊ, हिच्यातूनच पुन्हा उठवू. माती टाकताना एकेक शब्द त्यांनी माझ्याकडून म्हणवून घेतला. शेवटी तुकाकाका एवढ्या जोरात "आमीन" म्हणाले, की झाडावरचे बगळे उडाले.

पाहुण्यांनी डोळे पुसले. "चला, आता मामीला भेटू."

"कुठली मामी?"

"आता, मामू गेलेत न्हवं माझं!"

मामू पुढच्या गावचे निघाले. सकाळी पाहुण्यांनी मामूंच्या दुकानात फोन लावला, तर कुणीतरी म्हणालं, "मामू गेले बाजाराला." 'गेले' ऐकूनच यांनी फोन ठेवला होता. वाटेत जनाजा दिसला आणि एक गाव आधीच उतरले. आम्ही बूथवरून फोन लावला. पलीकडं खुद्द मामू! त्यांच्या शिव्या रस्त्यापर्यंत ऐकू आल्या. त्या दिवशी मी पहिल्यांदा हसलो.

हा चमत्कार होता, असं मी कुणाला सांगत नाही. पण मागितलेलं कुठल्या वाटेनं येईल, हे ठरवणं तेव्हापासून मी त्याच्यावर सोडलंय.

चाळिसाव्या दिवशीच्या दुआला पाहुणे मामूंना घेऊन आले. अब्बांच्या कबरीपाशी मामू बराच वेळ हात पसरून उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "भाईजान, माझ्या वाटणीचं रडणं तुमास्नी मिळालं. राहू द्या, माघारी नको."