‘मोकाट’ची तिसरी चिठ्ठी

“ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं लिहायचं, आपल्याला झोंबलं तरी,” खणवाल्या बाई एकदा नव्या संपादिकेला म्हणाल्या होत्या. शब्दकोशाच्या कचेरीतले सगळे लाकडी खण आणि त्यांतल्या लाखभर चिठ्ठ्या बाईंच्या ताब्यात असत.

आज ‘मोकाट’ शब्दाचं पान छापायला जायचं होतं. कचेरीचा दंडक असा, की तीन माणसांनी शब्द वापरल्याच्या तीन चिठ्ठ्या असल्याशिवाय कुठलाही अर्थ छापायचा नाही. पहिल्या अर्थाला चिठ्ठ्यांचा ढीग होता: दावं सुटलेली गाय, बिनलगामाचं घोडं, माळावरचा वारा. ‘मोकळा’च्याच घरातला शब्द, त्या चिठ्ठ्यांत त्याच्यावर डाग नव्हता. दुसरा अर्थ, ‘वाईट चालीची बाई’, मात्र दोन चिठ्ठ्यांवर अडला होता.

संपादिका मनातून सुखावली. बाईंची आई नवऱ्याचं घर सोडून एका सुताराबरोबर राहिली होती, हे कचेरीत सगळ्यांना ठाऊक होतं. बाईंसमोर ‘मोकाट’चा खण उघडायला माणसं कचरत.

“तिसरी नाही ना? मग उडवा दुसरा अर्थ,” मोठे संपादक म्हणाले. “तेवढीच भाषेची अब्रू वाचली.”

“आपण उडवला म्हणून लोक म्हणायचे थांबलेत होय?” बाई म्हणाल्या आणि त्यांनी एक कोरी चिठ्ठी पुढे ओढली.

त्यांचं अक्षर नेहमीसारखंच टपोरं होतं. संपादिकेने खांद्यावरून वाचलं:

‘सुटली मोकाट. आता हिचं नाव या घरात काढायचं नाही.’ म्हणणारा: काका. कुणाबद्दल: माझी आई. ऐकणारी: मी, वय आठ. ठिकाण: आमच्या घराचा उंबरा.

खाली तारीख घातली, वारासकट, क्षणभरही न अडखळता.

संपादिकेने ते पुन्हा एकदा वाचलं. बाई नुसत्या गप्प बसल्या असत्या, तर तो अर्थ कोशातून कायमचा गेला असता. पन्नास वर्षं या बाईने ते वाक्य एका शब्दाचाही फरक न करता सांभाळलं होतं, आणि आज स्वतःच्या हाताने ते पुराव्याला लावलं होतं.

“बाई, ही खणात कायमची राहील,” ती कशीबशी म्हणाली. “पुन्हा विचार करा.”

मोठ्या संपादकांनी चिठ्ठी वाचली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग कोपऱ्यात सही केली.

बाईंनी चिठ्ठी आधीच्या दोन चिठ्ठ्यांच्या मागे लावून खण बंद केला. साडेतीनच वाजले होते. इतक्या वर्षांत त्या पाचच्या आधी कधी उठल्या नव्हत्या. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, पिशवी खांद्याला अडकवली. दारावरचा शिपाई का कोण जाणे उठून उभा राहिला. कुणाकडेही न बघता बाई बाहेर पडल्या.