कवड्यांखालच्या चिठ्ठ्या

माझे काका पाणीपुरवठा खात्यात कारकून होते, पण स्वतःला समजत कवड्यांमधले जाणकार. पाठीमागे आम्ही त्यांना ‘शास्त्रज्ञ’ म्हणायचो. तोंडावर म्हणायची सोय नव्हती, कारण ते खूश झाले असते.

समुद्राला मोठी ओहोटी असली की काका पिशवी घेऊन खडकांवर जात आणि दगड उलटे करत बसत. ठिपक्यांची मोठी कवडी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. या कवडीतली गोगलगाय जिवंतपणी आपल्या मऊ कातडीनं सबंध कवच झाकून घेते, म्हणून त्यावर साधा ओरखडा उठत नाही. काकांनाही कुणाचं बोलणं कधी लागलं नाही. घरातलं एकुलतं एक कपाट कवड्यांना आणि काकूचे कपडे ट्रंकेत, असा कारभार चाळीस वर्षं चालला.

सत्तरीत त्यांना एकच ध्यास उरला होता. संग्रहालयानं हा संग्रह घ्यावा आणि कपाटावर आपलं नाव लागावं. शेवटी तिथल्या एक बाई तपासायला आल्या. कवड्या त्यांनी ओझरत्या पाहिल्या. प्रत्येकीखालची चिठ्ठी मात्र नीट वाचायला घेतली. तारीख, वेळ, खडक कोणता, पाणी किती.

“नोंद खोटी निघाली तर कवडी नुसती शोभेची,” बाई म्हणाल्या. “या नोंदी खऱ्या आहेत असं सांगणारं तुमच्याशिवाय कुणी आहे?”

काकांचा चेहरा पडला. ते कायम एकटेच जायचे.

मी सहज एक चिठ्ठी उचलली आणि माझं डोकंच फिरलं. तारीख माझ्या लग्नाची होती! ‘सकाळी साडेसहा, उत्तरेचा खडक, गुडघाभर पाणी.’ त्या दिवशी काका म्हणे तापानं फणफणले होते.

“काका, ताप पाण्यात उभं राहून उतरवलात वाटतं?”

“ओहोटी काय तुझ्या लग्नासाठी थांबणार होती?” काका माझ्यावरच डाफरले.

काकूनं चष्मा लावला आणि एकेक चिठ्ठी वाचायला लागली. “ही धाकटीच्या जन्माची. ही माझ्या ऑपरेशनची. ही सासूबाई गेल्या त्या दिवसाची.” मग बाईंकडे वळून म्हणाली, “लिहून घ्या, सगळ्या तारखा खऱ्या आहेत. यातल्या एकाही दिवशी हे घरी नव्हते. कुठं करू सही?”

बाईंनी खाली मान घालून कागद पुढे केला. काकूनं सही केली.

काकांचा ऊर भरून आला. मला म्हणाले, “बघितलंस? जन्मभर अशीच पाठीशी उभी राहिली माझ्या.”